मिठागराचे पाय

गव्हाणच्या कमळाकरकाकांनी जन्मात कधी कोणाकडे तक्रार केली नाही. त्यांचं मिठागर गेलं आणि तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा हे बिल्डरलाच चहा पाजून आले. पोटातली गाठ लिव्हरपर्यंत पोचली, नेहमीच्या औषधांनी हात टेकले, तरी काकांचं एकच, "बेस हाय."

पनवेलच्या एका हॉस्पिटलात नव्या गोळीची चाचणी चालू होती, तिथे त्यांना घेतलं. माणसाला ही गोळी किती सोसते, तेच आधी बघायचं होतं. तिथे नोंदी ठेवणारी पूर्वी नावाची मुलगी दर भेटीला विचारायची, "काका, उलटी? जुलाब? पुरळ?"

"काय नाय गो."

"काहीच नाही?"

"तुझी गोळी म्हंजे पेढा!"

पूर्वी कपाळाला हात लावायची. काकांच्या मनात वेगळीच धास्ती होती. त्रास सांगितला की नाव कटणार, आणि यापुढे डॉक्टरांकडे द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं. शिवाय फुकट औषध देणाऱ्याला नावं ठेवायची म्हणजे लग्नात जेवून भाजी खारट म्हणण्यासारखं.

एके दिवशी मात्र काका निखाऱ्यांवरून चालावं तसे आत आले.

"काका, लंगडताय?"

"मिठागराचे पाय हायत, पोरी. जन्माचे फुटलेले."

इतका वेळ पिशवी सांभाळत बसलेल्या भामाकाकूंचा आता तोल सुटला. "अवो, कुठलं मिठागर? मीठ आता आमी पन दुकानातून आनतो! काढा ते मोजे."

"भामे, गप."

"संडासाला माझ्या खांद्यावर हात ठेवून जातात, आनि हितं पेढा!"

मोजे उतरले. तळवे लालबुंद, सोललेले. पूर्वीने डॉक्टरांना बोलावलं.

"आता काढनार मला?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"त्यासाठी कशाला काढू?" डॉक्टर म्हणाले. "पाय बरे होईपर्यंत गोळी थांबवू, मग कमी ताकदीची देऊ. पण तुम्ही लपवलंत, तर तुमच्यामागून येणाऱ्याचेही पाय असेच सोलून निघतील."

काका विचारात पडले. "म्हंजे तक्रार करायचीच हाय?"

"करायचीच."

पुढच्या भेटीला काका चपला वाजवत आले आणि बसल्या बसल्या सुरूच झाले. तोंडाला चव नाही, पोट गुरगुरतं, लिफ्ट बंद असते, भामा कालवणात मीठ कमी टाकते.

"काका, मिठाचं गोळीमुळे नाही," पूर्वी हसू दाबत म्हणाली.

"ते पन लिही. तुमचं तरी ऐकंल."

भामाकाकूंनी पिशवी उचलली. "याच्यापेक्षा पेढाच बरा व्हता!"