अक्काची पापक्षमा

धुळ्याला आम्हा धर्मगुरूंची बैठक होती. बायकांना गुरुदीक्षा देऊन धर्मगुरू करावं का, असं बोलणं निघालं, तेव्हा एक तरुण फादर म्हणाले, "मग आपण उरलो कशाला?" सगळे हसले. मीही हसलो. चर्चचा नियम आहे तो आहे, असं म्हणून मी जेवायला उठलो. वादापायी शेवभाजी थंड होऊ देणाऱ्यातला मी नाही.

त्याच आठवड्यात चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यातून सिस्टरांचा फोन आला. आमचा तिथला दवाखाना या धर्मभगिनीच चालवतात. पाड्यातली एक म्हातारी अक्का शेवटच्या घटका मोजत होती आणि तिला पापनिवेदन करायचं होतं. ते ऐकून क्षमा देण्याचा अधिकार फक्त धर्मगुरूला, म्हणून मी गाडी काढली. रस्ता असा की माझ्या कंबरेने मला वाटभर शिव्या घातल्या.

पोचलो तेव्हा भरदुपार होती. सिस्टर खाटेशेजारी बसून अक्काच्या ओठांना पाणी लावत होत्या. पापनिवेदन एकांतात व्हावं म्हणून मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं, तर अक्कानं त्यांचा पदर धरला.

"मी सिस्टरले बठ्ठं सांगी दिन्हं," ती म्हणाली. "आते परत सांगानी ताकद नही. तू फकत माफी दे."

मला रागच आला. जिला क्षमा देता येत नाही तिच्यापाशी मन मोकळं केलं, आणि ज्याला देता येते त्याच्यासाठी श्वास उरला नाही. सिस्टर ऐकलेलं एक अक्षरही सांगणार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. अक्काची नजर माझ्यावरून हलत नव्हती. माफी मिळाल्याशिवाय तिला जायचं नव्हतं.

"अक्का, झाल्यागेल्याचं मनापासून वाईट वाटतं ना?" मी विचारलं. तिनं डोळे मिटून होकार दिला. अशा वेळी तेवढं पुरतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती सिस्टरांना म्हणाली, "तू बी ठेव."

सिस्टर मागे सरल्या. "क्षमेला माझा हात चालत नाही, अक्का."

ते मला फार लागलं. "ठेवा, सिस्टर," मी म्हणालो. "हात ठेवायला बंदी नाही." त्यांनी ठेवला, आणि मी क्षमेचे शब्द म्हटले. अक्काचा चेहरा निवळला. तासाभरात ती शांतपणे गेली.

परतताना दफनाचं सामान आणायला सिस्टर चोपड्यापर्यंत माझ्या गाडीत होत्या. मी त्यांचे आभार मानले. या पाड्यांतली माणसं मला आपलं म्हणतात ती तुमच्यामुळे, हे इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना तोंडावर सांगितलं.

त्यांनी विचारलं, "फादर, तुम्ही वेळेवर पोचला नसतात, तर मी तिला काय सांगायचं होतं?"

"देवानं माफ केलं, असंच सांगायचं."

"मला तो अधिकार नाही."

"नाही," मी म्हणालो. "आणि का नाही, ते मला आज सांगता येणार नाही."