राखीव खेळाडू

आधी हे सांगून टाकते, की बातमी देणाऱ्याची काही चूक नव्हती. बास्केटबॉलच्या संघात बारा जणी जातात. पाच मैदानात उतरतात, सात बाकावर बसतात, आणि बाकावरच्यांना मराठीत राखीव खेळाडू म्हणतात. देशाच्या महिला संघाच्या यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी होतं. त्यानं सरळ लिहिलं, ‘पिंपळगाव राजाच्या कन्येची भारतीय संघात राखीव खेळाडू म्हणून निवड’. गावानं त्यातला नेमका एक शब्द उचलला.

मी तेव्हा सराव शिबिरात होते. स्टँडवरच्या टपरीवर काय चाललं होतं, ते भावानं नंतर सांगितलं.

“राखीवमदून नंबर लागला म्हनते तिचा.”

“काऊन बे, खेळातबी कोटा आला का आता?”

“आला असन. पन तिच्या घरात कुठं राखीव आहे?”

“काढला असन एखांदा दाखला. ओळख असली का सारं भेटते.”

झालं! दहा वर्षं गुडघे फोडून घेतले, बोटं मोडून घेतली, बहिणीच्या लग्नाला गेले नाही, त्या सगळ्याचा निकाल एका कटिंग चहात लागला. बाबांना तर ती शिवीच वाटली. “आपल्या सात पिढ्यात कोनी राखीव घेतलं नाही,” असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. जसं काही कोणी त्यांना ते देऊ केलं होतं आणि त्यांनी बाणेदारपणे नाकारलं होतं.

माझ्यात जे काही बास्केटबॉल आहे, ते आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी घातलेलं. सर गावातल्याच बुद्धविहारामागच्या गल्लीत राहतात. बाजारातल्या वेल्डर चाचांकडून त्यांनी पाइपला रिंग जोडून घेतली, शाळेमागच्या मुरमावर चुन्यानं रेघा मारल्या आणि सातवीतल्या आम्हा पोरींना उभं केलं. मी उंच म्हणून घरच्यांना लाज वाटायची, सरांना आनंद झाला. नववीत घरच्यांनी माझा खेळ बंद केला, तेव्हा सर आठवडाभर रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसले आणि बाबांना पटवत राहिले. ओट्यावरच. आत या, असं त्यांना आमच्याकडे कोणी म्हटलं नाही. मला त्यात तेव्हा काही खटकलंही नाही.

सरांनी मला एक गोष्ट हाडात भिनवली होती. समोरची खेळाडू अंगावर धावून येते, तेव्हा तिच्या वाटेत आधी जाऊन पाय रोवायचे, हलायचं नाही, धडक छातीवर घ्यायची. फाऊल तिचा, चेंडू आपला. फलकावर याचा एक गुण लागत नाही. ज्या परदेशातल्या स्पर्धेसाठी ही निवड झाली होती, तिच्यात मला तिसऱ्या सामन्यात अखेरची सहा मिनिटं मिळाली. समोरची धिप्पाड पोर सुसाट आली, मी उभी राहिले, आम्ही दोघी आदळलो आणि शिट्टी आमच्या बाजूनं वाजली. बाकावरच्या सगळ्या पोरी उठून ओरडल्या. आयुष्यात तेवढा अभिमान मला कशाचा वाटला नाही.

गावात परतले तर बसमधून उतरताच कोणीतरी मागून म्हणालं, “आली पाह्य राखीववाली.” मी वळून पाहिलं. सगळेच हसत होते.

दोन दिवसांनी शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. मंडप, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. मंचावर ज्यांनी कधी चेंडू हातात धरला नाही अशा नऊ जणांना खुर्च्या होत्या, सरांना नव्हती. ते माइकपाशी उभे राहून वक्त्याच्या उंचीप्रमाणे तो खालीवर करत होते. मुख्य पाहुण्यांनी आधी मी किती गोल केले ते विचारलं. मग भाषणात म्हणाले, “राखीवमधून का होईना, पण आपली लेक साता समुद्रापार गेली!”

का होईना! माझं डोकंच फिरलं. माझी पाळी आली. सरांनी माइक वर करून माझ्या तोंडापाशी आणला आणि बाजूला झाले. मी बाकावरच्या खेळाडूला राखीव म्हणतात, एवढंच सांगून खाली बसायला हवं होतं. पण मला फक्त स्वतःवरचा डाग पुसायचा होता. मी म्हणाले, “मी राखीवमधून गेलेली नाही. मी माझ्या गुणांवर गेले. कोणाचा हक्क मारून गेले नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा तर उभे राहून वाजवत होते. मी हसत माइकपासून मागं सरले, तेव्हा सर माझ्याकडे न बघता पुढच्या वक्त्यासाठी माइक खाली करत होते. स्क्रू नीट बसत नव्हता. ते तो पुन्हा पुन्हा फिरवत होते.

सरांच्या देखत मी काय बोलून बसले, ते घरी जाईपर्यंत मला समजलं होतं. मी गाढव होते, पण बहिरी नव्हते. दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी गेले. त्यांनी आत बोलावलं, खुर्ची दिली, काकूंनी चहा केला. मी म्हणाले, “सर, माझं चुकलं.”

सरांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, “मी राखीवमदलाच आहो, पोरी. या शाळेतली जागा राखीव होती म्हनून मी इथं लागलो. ते जागा नसती तं तुले बॉल धराले शिकवाले कोन होतं इथं? अन हक्क मारून म्हंजे? कोनाचा मारला म्या? सांग ना.”

मला रडू फुटलं.

“आता काऊन रडून राह्यली? बोलली तं माइकवर, साऱ्या गावासमोर. अन माफी मांगाले घरात येते?”

सर मला कधीच असं बोलले नव्हते. बोलले ते बरोबरच बोलले. मी पिंपळगावात पोरगी होऊन सोसलं, उंच होऊन सोसलं, राखीव खेळाडू होऊन सोसलं, याचा मला मोठा ताठा होता. आणि जरा कोणी डिवचल्याबरोबर, ज्या माणसानं मला घडवलं त्याच्याच गल्लीवर मी घाण फेकून मोकळी झाले होते.

पंधरा ऑगस्टला शाळेनं मला झेंडावंदनाला बोलावलं. मी दोन मिनिटं मागून घेतली. सरांचं नाव घेतलं नाही, त्यांना पुन्हा माझ्या भाषणात ओढायचा मला अधिकार नव्हता. मी म्हणाले, “मागच्या वेळी मी इथं बोलले, की मी कोणाचा हक्क मारून गेले नाही. राखीव जागेवर येणारा माणूस कोणाचा हक्क मारतो, असा त्याचा अर्थ होतो. ते खोटं होतं आणि नीचपणाचं होतं. ते मी या माइकवर परत घेते.”

कोणी टाळी वाजवली नाही. मुख्याध्यापक घड्याळाकडे बघायला लागले. बाबा मध्येच उठून फाटकाबाहेर गेले आणि पुढं पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सर मुलांच्या रांगेशेजारी समोर बघत ताठ उभे होते. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला आजही माहीत नाही, आणि विचारायची माझी छाती होत नाही.

मला गावाचा राग तर आहेच, तो जाणार नाही. पण सत्काराच्या दिवशी त्याच गावानं हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या होत्या, आणि सर हाताच्या अंतरावर उभे असताना त्या मला गोड लागल्या होत्या. त्या गोड लागण्याचा राग मला सगळ्यात जास्त येतो.