अष्टग्रहीच्या दिवशी लाडूचा सूर्य

जग बुडणार होतं त्या दिवशी मी मुलगी बघायला गेलो. दुसरा दिवस मिळत नव्हता असं नाही; हाच दिवस मी मुद्दाम मागून घेतला.

बासष्ट सालची अष्टग्रही. आठ ग्रह मकर राशीत जमणार आणि मग पृथ्वीचं काही खरं नाही, असं ज्योतिष्यांनी जाहीर केलं होतं. घाटकोपरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी यज्ञाचा मांडव पडला, कर्ण्यावरून मंत्र सुरू झाले. आईने देवापुढचा दिवा विझू दिला नव्हता. शेजारचं बिऱ्हाड तर गावी निघून गेलं, जणू कोकण पृथ्वीवर नव्हतं.

मी तेव्हा मुलुंडला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. म्हणजे डब्यातला रंग नमुन्याशी जुळतो की नाही ते बघायचो. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला वैज्ञानिक समजत असे. चष्म्याची भिंगं आणि पुठ्ठ्याची नळी जुळवून मी एक दुर्बीणही केली होती. तिच्यातून चंद्र दिसायचा, फक्त त्याला कायम माझ्या पापण्या असायच्या.

आदल्याच वर्षी माणूस अंतराळात फेरी मारून आला होता. त्याला वर देव भेटला नाही, हे मी रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. आधी सांगून आलेल्या मुली याच तोंडाने घालवल्या. एकीच्या वडिलांना तीर्थातले जंतू समजावून सांगितले, तेही तीर्थ त्यांच्या तळहातावर असताना.

पण भांडुपची ही मुलगी इंटर सायन्सला होती! फोटो बघायच्या आधीच माझा होकार तयार होता. सायन्सची मुलगी आपल्याला पुन्हा सांगून येणार नाही, हे मलाही कळत होतं. आईने निघताना बजावलं, "तिथे जाऊन नुसतं खा. बोलू नकोस."

बरोबर मामा होता. तो वाटभर कुरकुरत होता. "जगबुडी व्हायची तर आपापल्या घरात झालेली बरी रे."

"मामा, मुलगी सायन्सची आहे. आपण असल्या थोतांडाला भीत नाही, हे तिला कळायला नको?"

"तुला कळलं ते पुरे," मामा म्हणाला आणि खिशातली उदीची पुडी चाचपली.

भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं कौलारू घर. मुलीचे वडील गिरणीतून निवृत्त झालेले, शांत माणूस. घरात त्यांच्याहून वरचढ होती मुलीची आत्या. ती मालवणहून आली होती आणि मालवणीच बोलत होती. मुलगी पोहे, लाडू, चिवडा ठेवून समोर बसली. मी आईची आज्ञा पाळून खात होतो. तेवढ्यात वडिलांनी सहज विचारलं, "देवधर्म काही करता की नाही आपण?"

झालं. मी बशी खाली ठेवली आणि सुरुवात थेट उत्क्रांतीपासून केली. माणूस कुणी घडवला नाही. माकड आणि आपण, दोघांचे पूर्वज एकच. थोडक्यात, नात्याने आपण चुलत.

"चुलत?" आत्या म्हणाली. "मगे त्येंका लग्नाक बोलवूक व्हया."

मामाने माझा गुडघा दाबला. मी थांबलोही असतो. पण मुलीने मान वर करून विचारलं, "ग्रह एका राशीत आले म्हणजे खरंच एकमेकांच्या जवळ येतात का?"

अहो, असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी हरखलो. एक लाडू उचलला, म्हटलं हा सूर्य. चिवड्यातले शेंगदाणे निवडून टेबलावर मांडले, हे ग्रह. ते आपल्याला एका रांगेत दिसतात, पण असतात एकमेकांपासून कोट्यवधी मैल दूर. तेव्हा भ्यायचं काही कारण नाही. आज, या क्षणी, पृथ्वीला कसलाही...

आणि जमीन हादरली. कौलं खडखडली, कपबश्या किणकिणल्या, काहीतरी प्रचंड फुटल्याचा आवाज डोंगरातून आला.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते असं, की मी अंगणात तुळशीपलीकडे उभा आहे, अनवाणी, आणि समोर एक कोंबडी माझ्याकडे बघते आहे. बाकी कुणीही बाहेर आलेलं नाही. मी कुणाला 'पळा' म्हणालो नव्हतो. मामालाही नाही.

आत्या दारात आली. "खंय पळतस रे? खाणीतलो सुरुंग तो! रोज फुटता."

फुटण्याआधी इशाऱ्याची शिट्टीसुद्धा झाली होती म्हणे. पण मी बोलत होतो ना.

आत गेलो. वडील खिडकीबाहेर बघत होते. मामा जागचा हलला नव्हता. जग बुडालं असं धरून तो डोळे मिटून निवांत बसला होता. मुलगी टेबलावरचे शेंगदाणे एकेक करून बशीत भरत होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. सूर्य माझ्या मुठीत होता, निम्मा खाल्लेला.

परतताना मामा एवढंच म्हणाला, "ही पण गेली." मला पहिल्यांदाच वाटलं, आठ ग्रहांनी थोडं मनावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आठवड्याने भांडुपहून होकार आला. आईने यज्ञाच्या मांडवात जाऊन नारळ फोडला. मी विरोध केला नाही.

लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर एकदा मी धीर करून बायकोला विचारलं. ती विळीवर भोपळा चिरत होती. म्हटलं, त्या दिवशी माझं एवढं हसं झालं, तरी तू हो कशी म्हणालीस? माझे विचार पटले होते, ना?

"विचार कसले, अहो," ती मान वर न करता म्हणाली. "जमीन हलल्यावर खाणं घेऊन पळणारा प्राणी टिकतो, एवढं कळलं. अक्कल नसलेले पुष्कळ प्राणी टिकलेत."