सुवार्ताच्या गाण्याचं तिसरं कडवं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. रोज संध्याकाळी गुडघे टेकून ज्याच्याशी बोलतो त्यालासुद्धा — खरं सांगू? — सरळ शब्दांत नाही. त्याच्यापुढे मी मोघम बोलतो. 'माझी पातकं' म्हणतो आणि पुढे सरकतो. पातकं म्हटलं की भागतं, कुठली ते सांगावं लागत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ उचलतेय. तीही जड आहे.

मी केडगावचा. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला. त्यामुळे आमच्या वस्तीत इंग्रजीतला कुठलाही कागद आला की तो माझ्या ओट्यावर येतो. कंपनीचं पत्र, औषधाच्या डबीतला घडीचा कागद, बँकेचा मेसेज. आणि गेली काही वर्षं — हसू नका — रॉक गाणी. रविवारी उपासना झाली की तरुण संघाची पोरं मला धरून बसवतात. कानात इअरफोनचं एक बोंड खुपसतात आणि विचारतात, "सर, ह्याचा अर्थ काय?"

आता अर्ध्या गाण्यांतले शब्द मला कळतही नाहीत. तो गाणारा असा ओरडतो की बोटं दारात चेंगरलीत असं वाटावं. पण 'कळलं नाही' असं म्हणायची मला सवय नाही. वर्गात कधी म्हटलं नाही, तर पोरांपुढे काय म्हणणार? मग मी बायबल अभ्यासाची रीत लावायचो. आमच्याकडे वचन समजून घेताना तीन प्रश्न विचारतात: बोलतो कोण? बोलतो कुणाशी? आणि त्यातून आपण काय घ्यायचं? ते तीन प्रश्न मी गाण्याला लावायचो. लाल मोटार म्हणजे जगाचा मोह. रिकामं घर म्हणजे देवाविना मन. पोरं मान डोलवायची, मी खुशीत घरी यायचो. रॉक गाण्याला ही रीत लावायची नसते, त्यात कधी कधी कुणीच कुणाशी बोलत नसतं, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तर याकोब. याकोब माझ्या घरापासून आठ घरं सोडून राहतो. रेल्वेत गँगमन होता, आता रिटायर. दौंडपासून इकडच्या रुळांवर त्याचे पाय झिजले. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवतो — वाजवायचा. बायको लवकर गेली. एकच लेक, सुवार्ता. आई आणि बाप दोन्ही तोच झाला तिचा, वेण्यासुद्धा त्यानंच घातल्या. ती सणसवाडीला एका कंपनीत माल तपासायच्या क्वालिटी खात्यात लागली, तिथंच खोली घेऊन राहिली. शिफ्ट सुटली की कंपनीतलीच दोघं-तिघं मिळून गाणी बसवायची. एक शिरूरचा, एक थेट झारखंडचा. गिटार, ड्रम, सगळं. गाणी इंग्रजीत, आणि लिहायची तीच.

एका दुपारी याकोब मोबाइल घेऊन आला. चेहरा असा फुललेला! लेकीनं गाणं पाठवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, पप्पा, हे तुमच्यासाठी आहे, मी आले की अर्थ सांगते. पण ती यायला पंधरा दिवस होते आणि याकोबला दम कुठला? म्हणाला, "सर, येवढं समजून सांगा. आपल्याला त्यातलं 'यू' आन् 'मी' येवढंच कळतंय."

बायकोनं चहा आणून ठेवला. मी गाणं लावलं. आधी नुसताच धडधडाट. मी तोंड वाकडं केलं, याकोब हसला. मग तिचा आवाज आला आणि पहिल्या कडव्याच्या शेवटी तिनं एक वाक्य म्हटलं. नंतर तेच वाक्य पुन्हा, पुन्हा, ओरडून.

ते वाक्य माझं होतं.

थांबा. आधीचं सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही, आणि आधीचं सांगायलाच मला जड जातंय. सुवार्ता नववीत माझ्या वर्गात होती. मी निबंध दिला होता, 'माय होम'. सगळ्यांनी लिहिलं तेच, माझं घर लहान आहे, घरासमोर झाड आहे. हिनं मात्र रुळांवर लिहिलं होतं. बाप पहाटे हातोडी घेऊन जातो, गाड्या त्याच्या हातावरून जातात आणि कुणाला ते ठाऊक नसतं, असं काहीतरी. दीड पान. मी ते दोनदा वाचलं. मी स्वतः कित्येक वर्षं इंग्रजी पेपरांना लेख पाठवत होतो, एकही छापून आला नव्हता. आणि गँगमनची पोर हे लिहिते? माझ्या पोटात जळलं. दुसरा शब्द नाही त्याला. जळलं.

मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि म्हणालो, "धिस इज नॉट युवर्स. हू आर यू टू राइट लाइक धिस?" कुठून उतरवलंस म्हणून विचारलं. ती म्हणाली, मी लिहिलंय सर. मी तिला फळ्यावर शंभर वेळा लिहायला लावलं, की हे माझं नाही. फळा भरला की पुसायचा आणि पुन्हा लिहायचं. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. पोरं फिदीफिदी हसत होती. तिनं चोरलेलं नाही हे मला माहीत होतं का? होतं. पहिल्या वाचनातच होतं. ते अक्षर, त्या खाडाखोडी — उतरवलेल्या मजकुरात कुणी अशी खाडाखोड करतं का?

तिनं घरी सांगितलं नाही. मी काही दिवस वाट पाहिली की याकोब भांडायला येईल. तो आला नाही. मग मी विसरलो. तुमचा विश्वास बसतो? मी खरंच विसरलो. माझाच नाही बसत.

आणि आता ते 'धिस इज नॉट युवर्स' माझ्या ओट्यावर, माझ्याच उच्चारात, ड्रमच्या तालावर. कप खाली ठेवायला गेलो तर चहा बशीत सांडला. वाटलं, शेजारी ऐकत असतील. याकोब म्हणाला, "काय झालं सर? वाईट हाय का काय?" मी म्हणालो, पुन्हा लावतो, शब्द नीट लागत नाहीत.

शब्द सगळे लागले होते. पहिल्या कडव्यात फळा, खडू, पांढरे हात. दुसऱ्यात, तुझा आवाज अजून माझ्या कानात बसलाय, तो दबावा म्हणून मी एवढ्या मोठ्यानं गाते. आणि तिसऱ्या कडव्यात ड्रम थांबतात. नुसती गिटार राहते, आणि ती हळू म्हणते: एका माणसानं काही विचारलं नाही. नळाखाली माझे हात धरले, बोटन् बोट धुतलं, आणि म्हणाला, चल, भाकरी खाऊ. मी गाते तो आवाज त्याचा आहे.

हे कडवं याकोबसाठी होतं. ह्याच कडव्यासाठी तिनं ते गाणं धाडलं होतं.

याकोब माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काय करायला हवं होतं? तिसरं कडवं सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं की त्याला ती संध्याकाळ आठवली असती, ते पांढरे हात आठवले असते, आणि त्यानं विचारलं असतं, खडू कसला? कुणी लिहायला लावलं? वस्तीत मला सगळे सर म्हणतात. मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पंच आहे. माझी ही सगळी पत एका पोरीच्या गाण्यात जाणार होती.

मी खडू गाळला. फळा गाळला. म्हणालो, गाण्यात राग आहे. ती एका माणसाला म्हणते की जे माझं होतं ते तू माझं नाही म्हणालास, तुझं बोलणं अजून माझ्या कानात आहे. तिसऱ्या कडव्याचं काय म्हणून त्यानं विचारलं, कारण तिथं आवाज मऊ होतो हे त्यालाही कळलं होतं. पेटी वाजवणारा माणूस तो. मी म्हणालो, ते असंच, पाण्याचं वर्णन आहे.

मग त्यानं आमच्या बायबल अभ्यासातलाच प्रश्न विचारला. "सर, पर ती बोलतीया कुणाशी?"

मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. जन्मात एकदा तरी म्हणायचं होतं ना? मी म्हणालो, "तुमच्याशी."

मला वाटलं, तो चिडेल. पोरीला फोन करून झापेल, ती चार दिवस रुसेल, आणि गाणं एकदाचं मागं पडेल. तो चिडला नाही. तो बसल्या जागी लहान झाला. म्हणाला, व्हय, म्हणालो होतो मी. ती कंपनीतल्या पोरांबरोबर गायला लागली तवा म्हणालो होतो, हा आवाज तुझा न्हाई, देवाचा हाय, कुठंबी वापरू नको. कुठलाही बाप म्हणतो तसं, एकदाच म्हणाला होता बिचारा. पण माझ्या अर्थात ते चपखल बसलं. मी हादरलो. मी अंदाजे खोटं फेकलं होतं आणि त्यानं स्वतःच्या आयुष्यातून त्याला पुरावा काढून दिला.

तिथंही मी थांबलो नाही. उठताना त्याला बजावलं की तिला काही विचारू नका. तोंडावर बोलवत नाही म्हणूनच तर पोर गाण्यात बोलली.

पंधरा दिवसांनी ती आली. हे मला त्यानंच सांगितलं, तो मला सगळं सांगतो. ती दोन दिवस वाट बघत राहिली की पप्पा गाण्याबद्दल काहीतरी बोलतील. हा मान खाली घालून स्वयंपाक करत राहिला. जाताना तिनं विचारलं, आवडलं नाही का, अर्थ सांगू का? हा म्हणाला, नको, कळलं मला. ती गेली. पुढे फोन आला की हा दोन शब्द बोलून ठेवायचा, लाजेनं. तिला वाटलं, रागानं. वर्षभरात त्या झारखंडच्या मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं. बोलावलं होतं. हा गेला नाही, तब्येतीचं निमित्त केलं. मला म्हणाला, कंच्या तोंडानं जाऊ? पेटी तर त्यानं त्या गाण्यानंतरच सोडली होती. पोरं सांगतात की सुवार्ताही आता गात नाही.

हे सगळं मी बघितलं. रोज बघितलं. आठ घरांचं तर अंतर. एका वाक्यात सगळं मिटलं असतं आणि ते वाक्य माझ्याकडे होतं. मग का नाही बोललो? कारण शोधून ठेवलेलं नाही. भित्रा होतो, म्हणून.

आणि मग गेल्या महिन्यातला रविवार. उपासनेत साक्षीची वेळ झाली. कुणी आजारातून उठलेलं असतं, कुणाला नोकरी लागलेली असते, ते पुढे येऊन देवाचे आभार मानतात. याकोब उठला. तो कधी उठत नाही. पुढे जाऊन, टोपी हातात धरून, सगळ्या मंडळीसमोर म्हणाला की मी माझ्या लेकीवर अन्याय केला. जे तिचं होतं ते मी तिचं न्हाई म्हणालो. तिच्या कानात माझं बोलणं अजून हाय, आन् ते मलाबी ऐकू येतं. देवानं आन् तिनं मला माफ करावं.

माझे शब्द. मी त्याला सांगितलेला अर्थ, जसाच्या तसा. माझं पाप त्यानं अंगावर घेतलं होतं आणि देवळात उभं राहून ते कबूल करत होता. बायका डोळे पुसत होत्या. मी तिसऱ्या बाकावर होतो, पंचांच्या जागी. उठायला किती लागतं? गुडघे सरळ करायचे, बस. मी सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणालो.

बाहेर आल्यावर त्यानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, सर, तुम्ही अर्थ सांगितला म्हणून मला माझी चूक कळली, न्हाईतर मी तसाच मेलो असतो. सुवार्ताला मुलगी झालीय, महिनाभराची आहे, हे त्यानं तेव्हा सांगितलं. तिनं फोटो पाठवला होता. तो त्यानं मला दाखवला. आता सणसवाडीला जाऊन तिच्यासमोर हेच बोलायचं म्हणाला, आणि नात बघायची.

तो गेला असता तर पाच मिनिटांत सगळं उघडं झालं असतं. ती म्हणाली असती, पप्पा, तुम्ही नाही हो.

मी म्हणालो, "इतक्यात नको. बाळंतीण आहे, जुनं उकरून काढू नका. देवानं माफ केलंय तुम्हाला."

त्यानं मान हलवली. माझं ऐकतो तो, सगळेच ऐकतात. मग विचारलं, "मग कवा जाऊ, सर?"

मी म्हणालो, "मी सांगेन."

काल संध्याकाळी तो ओट्याशी येऊन उभा राहिला होता. मी 'सांगेन' म्हणालो होतो, त्याची वाट बघत. मी पेपर वाचत राहिलो.