सीलबंद विहीणबाई

माझ्या विहीणबाईंइतकं बंदोबस्तात जगणारं माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरं नसेल, आणि असलंच तर त्याने ते कुणाला कळू दिलं नसेल. एटीएमपाशी पदराआड आकडे दाबणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, पण लिफ्टमध्ये मजल्याचं बटणसुद्धा पदराआड दाबणारी बाई ही एकच. बसमध्ये कंडक्टर समोर आला की त्या आधी डावीउजवीकडे बघतात, मग पुढे वाकून त्याच्या कानाशी म्हणतात, "उलवे." तो बिचारा "उलवे का?" असं खणखणीत विचारतो आणि यांचा चेहरा पडतो, जणू घराची किल्लीच त्याने गर्दीत भिरकावली. चपलांच्या दुकानात नंबर बोलत नाहीत, पायातली चप्पल काढून उलटी करून दाखवतात. एकदा माझ्याबरोबर हॉटेलात आल्या, मेन्यूवर बोट ठेवलं आणि नुसती मान हलवली. वेटरने आत हाक दिली, "एक मेदूवडा!" तर मला म्हणतात, "झालं, आता कळलं सगळ्यांना." मी म्हटलं, "अहो विहीणबाई, मेदूवडा आहे तो, दागिना नाही." "आज मेदूवडा, उद्या दागिना," त्या म्हणाल्या आणि बशी ओढून घेतली.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात त्या उमेदीची सगळी वर्षं कारकून होत्या. कंटेनरच्या दाराला सील असतं, त्यावर नंबर असतो. ते तुटलेलं दिसलं की आतला माल जसाच्या तसा असला तरी कुणी हात लावत नाही म्हणे. हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं की रिटायर झाल्यावर त्यांनी घरच सील केलं. लोणच्याच्या बरणीला चिकटपट्टी, पट्टीवर आडवी सही. दिवाळीत मी लेकीबरोबर करंज्या पाठवल्या, तर दुसऱ्या दिवशी यांचा फोन. मला वाटलं, कौतुक करतील. "विहीणबाई, डबा उघडाच आला हो." मी म्हटलं, "झाकण होतं की!" "झाकण होतं. सील नव्हतं." करंज्या कशा झाल्या याबद्दल अवाक्षर नाही.

आता आडपडदा कशाला ठेवू? मी त्यांच्यावर जळते. चांगली धूर येईपर्यंत जळते. फराळाचं ऑनलाइन दुकान आधी मी काढलं, बरं का. नेरूळच्या घरात डायनिंग टेबलाशी बसून, चष्मा नाकावर घेऊन, व्हिडिओ बघून बघून माझी मी वेबसाइट उभी केली. त्या नादात चिवडा करपला, पण वेबसाइट झाली. पाठोपाठ यांनीही काढली, आणि फोटो असे की चकली तिजोरीत ठेवावीशी वाटावी. तेही सोसलं असतं मी. पण माझी एकुलती एक लेक, जी लग्नानंतर उलव्याला यांच्याच घरात राहते, ती मला फोन करून सांगते, "आई, अहो आईंचा अनारसा काय जाळीदार झालाय गं!" माझा अनारसा म्हणे तिला दुधात बुडवून खावा लागायचा. मग खायचीस ना बाळा, आवडीने खायचीस!

तर त्या वर्षी लेकीच्या ऑफिसात दिवाळीला फराळाचे बॉक्स वाटायचं ठरलं आणि ती म्हणाली, "आई, तुझंच नाव सुचवते." मी सोसायटीत सगळ्यांना सांगून मोकळी झाले. वॉचमनलाही सांगितलं. भाजणी दळून आणली आणि मग फोन आला.

"आई, ऑर्डर अहो आईंकडे गेली."

"गेली म्हणजे? आपल्या पायांनी गेली?"

"अगं, तुझी वेबसाइट उघडली की वर 'सुरक्षित नाही' असं येतं. अकाउंट्सवाले म्हणाले, इथे आम्ही स्टाफचे पत्ते, कार्डाचे नंबर काही टाकणार नाही. अहो आईंच्या साइटला सर्टिफिकेट आहे."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, माझ्या चकलीला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही."

म्हणाले असेन. पण मला ऑर्डरीचं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. पोटच्या पोरीने फराळाला सासर निवडलं, हे लागलं. सुगरण म्हणून गेले, आता आई म्हणून तरी उरले का, असं वाटायला लागलं. त्या तिरमिरीत मी नेटवरून एक झकास सोनेरी कुलूप शोधलं आणि वेबसाइटच्या माथ्यावर लावलं. चकलीपेक्षा मोठं. खाली लिहिलं, 'पूर्ण सुरक्षित, पूर्ण घरगुती'. लेकीला पाठवलं, तर त्या बयेने ते नेऊन सासूला दाखवलं!

दुसऱ्या दिवशी विहीणबाई दारात. हातात लॅपटॉप, तो कापडात बांधलेला, वर गाठ, गाठीवर चिकटपट्टी. मी टोमण्याच्या तयारीत उभी. पण त्या हसल्या नाहीत. चष्मा पुसून कुलूप नीट बघितलं आणि म्हणाल्या, "चित्र सुरेख आहे हो. पण दार उघडंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा, गिऱ्हाईक नाव, पत्ता, फोन लिहितं, ते तुमच्यापर्यंत यायला किती ठिकाणांहून फिरतं. तुमच्याकडे ते उघड्या ट्रकमधून येतंय. वाटेत कुणीही वाचावं, कुणीही बदलावं. सर्टिफिकेट घेतलं की बंद कंटेनर, वर सील. शिवाय देणारा आधी बघून घेतो की ही पाटी ज्याची, दुकान त्याचंच आहे. नाहीतर उद्या कुणी तुमच्या नावाने मधेच टेबल मांडून बसलं, तर गिऱ्हाइकाला कसं कळणार?"

मी सहजासहजी ऐकणारी नाही. म्हटलं, "पण सील आहे म्हणून चकली चांगली, असं थोडंच?"

"मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "लबाड माणूससुद्धा सील लावतो. वाटेत कुणी हात घातला नाही आणि माल त्याच पाटीच्या दारी पोचला, सील एवढंच सांगतं. चव तुमची तुम्ही सांभाळा."

सर्टिफिकेट फुकट मिळत होतं. मी उगीच कुलपं शोधत बसले होते. मुदत संपायच्या आत ते नवं होतंय ना, यावर लक्ष ठेवा, असंही त्यांनी बजावलं. मधेच पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्या उठल्या आणि माझ्याच हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डोळे मिटलेले, वरून हात. काम झालं, 'सुरक्षित नाही' हा शेरा गेला. चहा ठेवता ठेवता मी विचारून टाकलं, "विहीणबाई, एवढी कसली धास्ती हो तुम्हाला?"

त्यांनी सवयीने डावीउजवीकडे बघितलं. घरात आम्ही दोघीच.

"माझं लग्न झालं तेव्हा घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांचा पीपी नंबर. आईचा फोन आला की सासूबाई, नणंदा, शेजारीण, सगळ्या हातातलं टाकून माझ्यामागे उभ्या. आई विचारायची, बरी आहेस ना? मी म्हणायचे, हो, बरी आहे. कधीकधी नव्हते. पण बोलणार कसं? आई गेली तोवर तिला एवढंच ठाऊक होतं, बरी आहे." मग कप उचलत म्हणाल्या, "म्हणून तुमची लेक तुम्हाला फोन करते ना, तेव्हा मी टीव्ही मोठा करते. तिला तुम्हाला काय सांगायचंय ते मला कळायला नको. माझ्याबद्दल असलं तरी."

मी त्यांच्यापुढे चकलीची बशी सरकवली. त्यांनी एक खाल्ली, दुसरी घेतली, अभिप्राय अर्थातच दिला नाही.

ऑर्डर त्यांचीच राहिली. अनारसाही त्यांचाच जाळीदार आहे आणि मी अजून जळते, हे वयाबरोबर जाणारं दुखणं नाही. पण परवा संध्याकाळी लेकीचा फोन आला. मागे कुठल्याशा मालिकेत सगळे एकमेकांवर खेकसत होते. "सॉरी हं आई," लेक म्हणाली, "अहो आईंना हल्ली कमी ऐकू येतं वाटतं." मी म्हटलं, "असेल." आणि विचारलं, "बरी आहेस ना गं?"

ती हळू आवाजात सांगायला लागली, आणि कितीतरी वेळ सांगत राहिली. मागे टीव्ही आणखी थोडा मोठा झाला.