अकरा वर्षं न तोडलेला वेल

आमच्या दाजींनी आयुष्यात एकच गोष्ट नेटानं केली. नेमून दिलेलं एक काम त्यांनी सलग अकरा वर्षं केलं नाही.

हे मी घरात बोललो की बायको म्हणते, तुमचं त्यांच्याशी पहिल्यापासून वाकडं आहे. आहेच, लपवायचं काय त्यात? ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा वनरक्षक आहे, दिवसभर जंगल तुडवतो, असं आम्हाला सांगितलं होतं. प्रत्यक्षात दाजी जंगलापर्यंत चालत जात आणि तिथे बसत. मी त्याच राखीव जंगलाच्या कचेरीत कारकून. बावीस वर्षं एकाच टेबलाशी, आणि माझ्या एकाही वहीत खाडाखोड सापडणार नाही. दुसरं कोणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो.

आमच्याकडे एक नियम आहे. दर वनरक्षकानं महिन्याला चाळीस वेल तोडायचे. पूर्वी इथलं लाकूड विकलं जायचं आणि वेल झाडांना आवळतात, म्हणून ते छाटत. लाकूडतोड बंद होऊन तीस वर्षं झाली. आता इथली काडी मोडली तरी गुन्हा, पण वेल तोडायचा नियम मागे घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. वनरक्षक आकडा लिहितो, साहेब 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून खुर्चीतून न उठता सही करतात, आणि मी तो आकडा मोठ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवतो.

दाजींकडे खालचं खोरं होतं. उतार असा की खाली गेलेला माणूस काय करतो, हे बघायला कोणी जात नसे. बाकीचे वनरक्षक पाठीचा काटा ढिला होईपर्यंत कोयता चालवत. दाजी खाली उतरत, सावली बघून डबा सोडत, मग तासभर आडवे होत, आणि निघताना आकडा लिहीत.

एक दिवस त्यांच्या झोपेच्या जागी कुजक्या मांसाचा वास आला. जनावर मेलं असेल तर पंचनामा करावा लागतो, तीन कागद भरावे लागतात. म्हणून दाजींनी दोन दिवस नाकाला रुमाल बांधून झोप काढली. तिसऱ्या दिवशी वास सोसेना तेव्हा ते उठले आणि पालापाचोळा बाजूला केला. खाली फूल होतं. तांबूस-तपकिरी, जाडजूड पाकळ्यांचं, जेवणाच्या ताटाएवढं. पान नाही, देठ नाही, मूळ नाही. मांडीएवढ्या जाड वेलाच्या बुंध्यातून ते थेट बाहेर आलं होतं.

कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या बाई दाजींनी काढलेला फोटो पाहून दुसऱ्याच दिवशी हजर झाल्या. खोऱ्यात उतरल्या आणि फुलापुढे चिखलात गुडघे टेकून चक्क रडल्या. हे फूल या जंगलातून साठ वर्षांपूर्वीच संपलं, असं सगळे धरून चालले होते म्हणे. त्यांनी आम्हाला समजावलं, की ही वनस्पती स्वतः काही करत नाही. त्या एकाच जातीच्या वेलाच्या आत धाग्यांसारखी पसरून राहते, त्याचंच खाते, आणि कितीतरी वर्षांनी एकदा चार दिवस फुलते. मी दाजींकडे पाहिलं. त्यांना दूरचा नातेवाईक भेटल्यासारखं झालं होतं.

बाईंना एकच कोडं सुटेना. माती तीच, पाऊस तोच, मग शेजारच्या एकाही खोऱ्यात हे फूल का नाही? दाजी आभाळाकडे बघत राहिले. जाताना बाईंनी बजावलं आणि मागून पत्रही पाठवलं: वेलाला धक्का लावू नका, वेल गेला की फूल कायमचं गेलं.

साहेबांनी त्या पत्राला उत्तर द्यायला मला बसवलं. त्यांनी वह्या मागवल्या, अकरा वर्षांची बेरीज करायला लावली आणि आकडा पाहून खूश झाले. खालच्या खोऱ्यात पाच हजारांहून जास्त वेल तोडले गेले होते. तेव्हा उत्तर गेलं, की नोंदीप्रमाणे त्या जागी वेल शिल्लकच नाही, सबब त्याच्या संरक्षणाचा प्रश्न उद्भवत नाही. ते पत्र मीच टाइप केलं, एकही चूक न करता.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण साहेबांना शोध लागला, की वेल तोडले म्हणूनच फूल आलं. लगेच फर्मान निघालं: सगळीकडे महिन्याला ऐंशी वेल तोडायचे, सुरुवात खालच्या खोऱ्यापासून, आणि ते दाखवायला वरच्या मोठ्या साहेबांना बोलवायचं. दाजींचं नाव वनपालाच्या बढतीसाठी पुढे गेलं. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. ताईनं ही बढती पंचवीस वर्षं मनात धरली होती. तिनं कळलं त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी सांगून टाकलं.

आणि हे गृहस्थ माझ्या घरी येऊन पडल्या चेहऱ्यानं बसले. मला सगळं सांगितलं. मी असा भडकलो म्हणून सांगू! अकरा वर्षं मी तुमची झोप सुवाच्य अक्षरात लिहीत होतो का, असं मी त्यांना विचारलं. मग म्हटलं, आता तोंड उघडू नका. वेल तोडा, बढती घ्या, घरी बसा. फुलासाठी नोकरी घालवाल तर ताई मला जन्मात माफ करणार नाही. ते चहा प्यायले आणि निघून गेले.

चार दिवसांनी सभा झाली. सगळे वनरक्षक, पुढे साहेब, मी इतिवृत्त लिहायला. साहेब दाजींच्या कष्टांवर बोलत होते. दाजी उठून उभे राहिले.

"साहेब, त्या खोऱ्यात मी अकरा वर्षांत एकही वेल तोडलेला नाही," ते म्हणाले. "म्हणून ते फूल आहे. बाकीच्यांनी कामं केली, म्हणून त्यांच्याकडे नाही."

माझं पेन थांबलं. साहेब मात्र जराही चिडले नाहीत.

"अकरा वर्षं मी ते वेल तोडलेले प्रत्यक्ष पाहिलेत," ते म्हणाले. "सह्या आहेत माझ्या. तुमची तब्येत बरी दिसत नाही."

झालं. बढतीचा कागद परत आला. साहेबांनी हुकूम काढला, की दाजींनी चार दिवसांत ऐंशी वेल तोडायचे. कारकुनानं सोबत जाऊन डोळ्यांनी मोजायचे आणि सही करायची. सही आली नाही तर शेजारच्या खोऱ्यातले चौघं वनरक्षक वेल तोडायला जातील. त्या चौघांना आळस ठाऊक नव्हता. मलाच नेमलं, कारण माझी सही कोणी तपासत नाही. ताईनं दोघांशीही बोलणं टाकलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोऱ्यात उतरलो. दोनदा आपटलो, चष्म्याची काडी तुटली, दाजींना नाही नाही ते बोललो. ते पुढे जाऊन हात देत राहिले. खाली पोचलो तर फूल केव्हाच काळं पडून गळून गेलं होतं. मला वाटलं, सुटलो, आता भांडायला काही उरलंच नाही. मग दाजींनी वाकून पाचोळा हळूच सारला. वेलाच्या सालीतून तीन कळ्या वर आल्या होत्या, मुठीएवढ्या, घट्ट मिटलेल्या. बाई म्हणाल्या होत्या, कळीला उमलायला नऊ महिने लागतात.

दाजींनी कोयता माझ्यापुढे धरला.

"तुला तोडायचा असेल तर तोड. माझ्याच्यानं नाही होणार."

मी कोयता घेतला नाही. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून कळ्यांकडे बघत राहिलो. फार राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांच्यावर नव्हता. मी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि पेन उघडलं. ऐंशीचा आठ काढणार तेवढ्यात दाजी खांद्यावरून डोकावले.

"बरोब्बर ऐंशी लिहू नकोस," ते म्हणाले. "संशय येतो. त्र्याऐंशी लिही."

मी त्र्याऐंशी लिहिलं, सही केली, आणि त्यांच्या शेजारी पाय पसरून बसलो.