बायकोच्या शर्यतीचं बोर्ड मी कापलं

सात रस्त्याजवळ माझं टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल. गिऱ्हाईक बसलं की मी उभा. शाळेत मी डबा संपेपर्यंतच बसायचो, त्यामुळं जे काय शिकलो ते लोकांच्या वस्तू बिघडवून. पण या वेळी बिघडवली ती बायकोची, आन माझा माझ्यावरचाच राग अजून उतरला न्हाय.

बायकोला गाड्यांच्या शर्यतीची गेम लई आवडती. गेमचं जुनं मशीन मीच दुरुस्त करून दिलं हुतं. कारखान्याच्या टॉवेलच्या कडा शिवून झाल्या की ती खेळायला बसायची. सगळ्या शर्यती जिंकली, शेवटचा कप तेवढा राहिला. आन नेमकी आईची मालिका अर्ध्या तासाची एक तास झाली. घरात टीव्ही एकच. बायकोनं मशीन गुंडाळून ठेवलं. मीच छाती फुगवली.

"आण ते हिकडं. आतलं बोर्ड कापून बारकं करतो, डब्यात बसवतो, वर छोटा स्क्रीन. गॅसपाशी बसून खेळ."

"अवो, माझ्या जिंकलेल्या गाड्या हायत त्यात. जातील."

"त्या चिपमधी हायत. मी कडंचं फालतू कापणार."

फालतू! बोर्डात मला फालतू काय हे कळायला लागलं!

मोबाईलवरच्या व्हिडिओत एक गोरा माणूस बोर्ड कापायचा. भाषा कळत नव्हती, हात कळत हुते. खूण केली, कापायचं चाक फिरवलं, कडा उडवली, की लगेच गेम चालू. मी बी तसंच कापलं. मग करंट द्यायच्या आधी मीटर लावला, तर टीं! करंटची लाईन आन अर्थिंग एकमेकाला चिकटलेले. शॉर्ट.

व्हिडिओ परत बघितला. कापताना दिसतो, हसताना दिसतो. मधी रडला असंल ते कुटं हाय? त्या भाड्यानं बोर्डापेक्षा व्हिडिओच जास्त कापलाय!

त्यातलाच एखादा शॉर्ट असंल म्हणून मग मी कपॅसिटर उपटायला लागलो. मोहरीएवढे जीव, त्यांचा काय गुन्हा? एक काढला, टीं. दुसरा काढला, टीं. एक तर माझ्या शिंकेनं उडाला, तो आजवर सापडला न्हाय. शेजारच्या मोबाईल कव्हरवाल्यानं मान आत घातली.

"क्या मामू, बोर्ड बजरा के दुकान की बेल बजरी?"

"तू कव्हर विक."

"नै, गिराइक आया समझके पूछा."

जेवायला घरी गेलो तर ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "गाड्या हायत का गेल्या?"

"हायत की."

"मग दावा चालू करून."

"वायर आणायचीय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी भाजी मागितलीच न्हाय.

दुकानात येऊन मीटरच्या काड्या चिमट्यानं बोर्डाला अडकवल्या. टीं! डोकं फिरलं. बोर्ड उचललं आन टेबलावर आपटलं. टीं थांबली. परत सुरू. गिऱ्हाइकाला मी रोज ओरडतो, टीव्हीला चापट मारू नका म्हणून, आन हितं मला रस्ता दावला चापटीनंच! आपटल्यावर हलतंय म्हंजे कायतरी सुटं हाय. कापलेल्या कडंवर भिंग धरलं. बोर्डाच्या पोटात तांब्याचे थर असतात, थरावर थर. माझ्या चाकानं ते ओढून एकमेकात कालवले हुते. दुखणं मी केलेल्या जखमेत, आन मी उपटतोय लांबचे कपॅसिटर!

बारीक पॉलिश पेपरनं कड घासली. टीं गेली. उपटलेले जीव परत बसवले, उडालेल्याच्या जागी जुन्या सेटटॉप बॉक्समधला घातला. टॉवेलात गुंडाळून बोर्ड घरी नेलं, स्वयंपाकघरात जोडलं. छोट्या स्क्रीनवर चित्र आलं. गाड्या सगळ्या जागेवर.

"थांब," मी म्हणालो, "पंखा बसवायचाय, बोर्ड तापंल..."

तिनं शेवटची शर्यत सुरू बी केली.

"अगं बंद कर! जळंल!"

"मधी बोलू नगा."

मग काय करणार? पुठ्ठा घेतला आन गरम बोर्डाला वारा घालत बसलो, उकिडवा. सगळी मेहनत माझी, आन स्क्रीनसुद्धा दिसंना. दिसत हुता तो फक्त तिचा चेहरा. गाल आत ओढलेले, डोळे मोठे. मालिका सोडून आई दारात आली.

"काय चाललंय रं?"

"कप चाललाय," बायको म्हणाली, आन माझ्याकडं न बघता, "जरा जोरात घाला की वारा."

मी घातला.